एसएलआरचा नेम सुटतो कुठे?

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघाले की उरुळी कांचन मागे पडते आणि यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. गणेशोत्सव असो, निवडणूक असो की कुठे उसळलेली दंगल, दौंडहून बंदोबस्तासाठी निघालेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गाड्या याच रस्त्याने पुण्यात शिरतात. दौंडला या बलाचे 5 आणि 7 क्रमांकाचे गट आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. मागच्या बाकांवर बसलेल्या जवानांच्या हाती वर्षानुवर्षे एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, दिसत आली. पुढे इन्सास आली, एके आली. रस्त्यावरच्या माणसाला या सगळ्या सारख्याच. ज्याला त्यांच्याशी रोजचे देणेघेणे आहे त्याला मात्र एक प्रश्न सुटत नाही: चांदमारीवर नीट लागणारी रायफल सहा महिन्यांनी तशीच का लागत नाही?

प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. बंदोबस्तातली रायफल बहुतेक वेळा नुसती दिसण्यापुरतीच असते. पण चालवायचा प्रसंग आलाच तर तो गर्दीत किंवा अंधारात येतो, आणि तेव्हा दोन हात डावीकडे गेलेली गोळी वाया जात नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी लागते.

एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल. अशा रायफलीत ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकून पुढचे चेंबरात भरण्याचे काम त्याच गोळीमागचा वायू करतो. आपली 7.62 मिलिमीटरची 1ए1 एसएलआर ही बेल्जियमच्या एफएन कंपनीत द्युदोने सेव्ह यांनी घडवलेल्या फाल रायफलीची भारतीय बहीण. 1962च्या युद्धानंतर ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागली आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची जागा घेत गेली. तिच्यानंतरची 5.56 मिलिमीटरची इन्सास पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेत आखली गेली. गोळ्यांचा एक जुना कारखाना खडकीत, 1869 सालचा. दुसरा जळगाव जिल्ह्यात वरणगावला. म्हणजे या प्रश्नाचे निम्मे माहेर आपल्याच मुलखात आहे.

कासुर्डीच्या शेतकऱ्याशी मात्र या रायफलीचा थेट संबंध येत नाही. 2016च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित रायफली आणि .303 वा 7.62च्या सरकारी गोळ्या चालवू शकणारी शस्त्रे निर्बंध असलेल्या वर्गात मोडतात. ऊसपट्ट्यात परवान्यावर जी दिसते ती साधी बारा बोअरची बंदूक. पुढे जे काही आहे ते म्हणून पोलीस, लष्कर आणि वनखाते यांच्या शस्त्रागारातले.

नेम म्हणजे सारखेपणा. रायफलीने प्रत्येक वेळी तीच हालचाल त्याच क्रमाने केली तर गोळ्या एका ठिकाणी पडतात. ते ठिकाण मधोमध नसले तरी बिघडत नाही, साइट हलवून ते मधोमध आणता येते. गोळ्या विखुरल्या तर मात्र साइट हलवून काही होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्य 451.4 गुणांवर मिळवले, त्या स्पर्धेतल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे फक्त 10.4 मिलिमीटर. एवढ्या बारीक कामाच्या रायफलीत गोळी एकेक करून हाताने भरतात. नळी जाड, दस्ता माणसाच्या मापाचा, आणि गोळी सुटताना रायफलीच्या आत शक्य तितके कमी हलणारे. अर्धस्वयंचलित रायफल नेमके उलटे करते. गोळी अजून नळीत असतानाच तिच्यामागचा थोडा वायू वरच्या छिद्रातून पिस्टनकडे वळतो, आणि गोळी तोंडाबाहेर पडते त्या सुमारास आतली लोखंडी धावपळ सुरू झालेली असते. त्यातून एसएलआरचा ब्रीचब्लॉक, म्हणजे काडतुसामागून चेंबर बंद करणारा ठोकळा, मागच्या टोकाला खाली झुकून एकाच आडव्या तुकड्यावर टेकतो. पुढे दोन्ही बाजूंनी समान पकडणाऱ्या फिरत्या बोल्टपेक्षा ही पकड एककल्ली, त्यामुळे नळीला वरखाली लचक जास्त. सैनिकी एसएलआरचा पाच गोळ्यांचा गट 100 मीटरवर तळहाताएवढ्या जागेत बसला तर साधारणपणे ती रायफल ठीक समजतात. तिच्याकडून कुसाळेंच्या रायफलीची अपेक्षा करणे हा अन्याय होय. पण तळहाताचा पसारा ताटाएवढा का होतो, हे विचारायला हवे.

माझ्या मते त्याचे सर्वांत दुर्लक्षित उत्तर नळीत नाही, साइटमध्ये आहे. एसएलआर मधोमध मोडते; तिचे वरचे आणि खालचे अंग एका खिळीवर फिरते आणि मागे खटक्याने बंद होते. नळी आणि पुढची साइट, म्हणजे फोरसाइट, वरच्या अंगावर, मागची बॅकसाइट मात्र खालच्या अंगावर. दोन्ही साइटमधले अंतर सुमारे 55 सेंटिमीटर. आता हिशेब करू. बॅकसाइट एक मिलिमीटरने सरकली तर 100 मीटरवर गोळी 18 सेंटिमीटर सरकते, 300 मीटरवर जवळजवळ 55. खटका झिजून दोन्ही अंगांत एक दशांश मिलिमीटरचा खेळ आला, जो डोळ्याला दिसणार नाही पण बंद रायफल हातात पिळून पाहिली तर बोटांना कळेल, तर 300 मीटरवर साडेपाच सेंटिमीटरचा फरक नुसत्या त्या खेळाने पडतो. तो दर गोळीला वेगळ्या दिशेने पडू शकतो, म्हणून साइट फिरवून भरून निघत नाही. इन्सासमध्ये ही अडचण वेगळ्या वेषात आली: तिची बॅकसाइट ब्रीचच्या पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या टोकाला आहे, आणि झाकण साफसफाईसाठी रोज निघते. झाकण घट्ट बसते तोवर ठीक. पोचे आलेले किंवा दुसऱ्याच रायफलीचे झाकण बसवले की नेम गेला. साफसफाईच्या वेळी पाच-सहा रायफली एकाच सतरंजीवर उघडून ठेवायच्या आणि झाकणे हाताला लागतील तशी उचलायची, हे जिथे चालते तिथे दुसरे कारण शोधायची गरजच नाही.

ट्रकच्या प्रवासाचेही तेच. दौंड ते मुंबईच्या धक्क्यांनी नळीचे काही बिघडत नाही. ढिले पडतात ते स्क्रू. एसएलआरची बॅकसाइट आडवी सरकते ती दोन बाजूंच्या दोन स्क्रूंनी; एक सैल करून दुसरा कसायचा असतो. एक सैल केला आणि दुसरा अर्धवट कसला तर साइट मधल्या जागेत डुलत राहते. फोरसाइट पेचावर वरखाली होते. दोन्ही पक्क्या केल्यावर रंगाची बारीक खूण मारून ठेवणे हा बिनपैशाचा उपाय आहे. खूण जुळत नसली की रायफल झिरोला, म्हणजे गोळ्या मारून साइट पुन्हा जुळवायला, पाठवायची.

नळीवर बाहेरून पडणाऱ्या दाबाचा भाग याच्याच जवळचा. एसएलआरच्या पट्ट्याची पुढची कडी नळीलाच अडकवलेली असते. पडून मारताना पट्टा दंडाला आवळला तर नळी किंचित ओढली जाते, आणि उभ्याने पट्टा सोडून मारले तर गोळी दुसरीकडे पडते. संगिनीचेही तेच: नळीच्या टोकाला वजन आले की थरथर बदलते. जुन्या एसएलआरची लाकडी कवचे पावसाळ्यात फुगतात आणि कुठे तरी नळीला टेकतात. म्हणून नियम एवढाच, की ज्या अवस्थेत रायफल चालवायची त्याच अवस्थेत ती झिरो करायची. पट्टा लावून चालवणार असाल तर पट्टा लावून, आणि झिरो उन्हाळ्यात झाला असेल तर पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा पाहायचा.

वायूचा रेग्युलेटर हा एसएलआरचा गुण, पण त्याचे रूपांतर सवयीने दोषात होते. तो फिरवून पिस्टनकडे किती वायू जाईल हे ठरवता येते. जुनी रीत अशी: रेग्युलेटर उघडा ठेवून एकेक गोळी मारायची, ब्रीचब्लॉक पुरता मागे येत नाही असे दिसले की रेग्युलेटर थोडा थोडा बंद करत जायचे, आणि रायफल नीट चालायला लागली की वर दोन खाचा जास्त द्यायच्या. प्रत्यक्षात रायफल अडकली की शिपाई तो पूर्ण बंद करून टाकतो. मग ती अडकत नाही खरी, पण दर गोळीला ब्रीचब्लॉक मागे आदळतो, धक्का वाढतो आणि सुटे भाग लवकर झिजतात. अडकण्याचे खरे कारण बहुधा पिस्टनवरची काजळी असते. यवत-कासुर्डीच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेची बारीक धूळ तेलात मिसळून जो चिकट थर तयार होतो, त्यावर उपाय आणखी तेल हा नाही.

साफसफाईबाबत दोन टोकाची मते आहेत आणि दोन्हींना इतिहास आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काळातल्या गोळ्यांच्या टोपीत असे क्षार असत की ते नळीत ओलावा ओढून घेत आणि एका रात्रीत गंज चढे. म्हणून फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी ओतायची सक्ती होती. ती शिस्त रक्तात भिनली आणि गोळ्या बदलल्यावरही टिकली. तपासणीला चिंदी पांढरी निघाली पाहिजे, म्हणून पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, पुन्हा पुन्हा ओढला जातो. दोरी तोंडाच्या कडेला घासत गेली की कड झिजते, आणि गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला करत असल्याने नेमाचे नुकसान तिथेच होते. एसएलआर मोडून ब्रीचकडून साफ करता येते, हे तिचे मोठे भाग्य. दोरी सरळ ओढली तर कड वाचते. दुसरे टोक स्पर्धेतल्या नेमबाजांचे. पॉइंट टू टूची नळी ते क्वचितच घासतात, कारण घासलेल्या नळीतल्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. मोठ्या बोअरला ते जसेच्या तसे लागू नाही. तिथे तांब्याचा थर साचतो, आणि चेंबरात घाण राहिली तर काडतूस नीट बसत नाही. मधला मार्ग लष्करी पुस्तकांतच आहे, फक्त पाळला जात नाही: फायरिंगआधी नळी कोरडी पुसायची, कारण तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते, फायरिंग झाल्यावर त्याच दिवशी साफ करायची, आणि पांढऱ्या चिंदीसाठी झगडायचे नाही.

गोळ्यांकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. ऑलिम्पिकचे नेमबाज एली किंवा लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर आपली नळी घेऊन जातात आणि वेगवेगळ्या बॅचच्या गोळ्या मारून जी बॅच तिला मानवते तीच विकत घेतात. पोलिसांना ही चैन शक्य नाही. पण पोलिसांच्या एका गटाला सरावासाठी आणि कर्तव्यासाठी एकाच लॉटच्या गोळ्या देणे अशक्य नाही. लॉट बदलला की गोळ्यांच्या गटाचे मध्यस्थान सरकू शकते, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. सोव्हिएत संघाने 1963 साली द्रागुनोव्ह ही अर्धस्वयंचलित दूरनेमी रायफल स्वीकारली. आपल्या लष्करानेही ती दीर्घकाळ वापरली. तिचा खरा कस दिसला तो तिच्यासाठी खास बनवलेल्या गोळीमुळे. साध्या मशीनगनच्या गोळीने तीच रायफल सामान्य वाटते. उष्णतेचाही भाग आहे. मे महिन्यात दौंडकडे पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीतल्या मॅगझिनमधली गोळी त्याहून तापते, बारूद वेगाने जळतो, आणि गोळी हिवाळ्यातल्या झिरोपेक्षा वर लागते. 100 मीटरला हा फरक किरकोळ, 400 मीटरला नाही.

रायफल बिघडली की नाही हे ठरवायचे कसे, इथे तर सगळ्यांत जास्त भोंगळपणा आहे. तीन गोळ्या मारायच्या, त्या जवळ पडल्या की वाहवा, दूर पडल्या की रायफल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडे. तीन गोळ्यांचा गट नशिबानेही सुंदर येतो आणि नशिबानेच वाईट. पाच गोळ्यांचे दोन-तीन गट, बैठक तीच, मधे नळीला थंड व्हायला वेळ, आणि सगळ्या गटांचे मिळून मध्यस्थान: एवढे केल्याशिवाय साइटला हात लावू नये. नाहीतर दर खेपेला नवा माणूस आपल्या चुकीप्रमाणे साइट फिरवतो आणि रायफल वर्षभर कोणाचीच राहत नाही.

सुधारणा करायची म्हटले की बोलणे लगेच बाहेरच्या सामानावर येते. अमेरिकेत एम-14 रायफलीला सामन्यांसाठी तयार करताना तिचे लोखंडी अंग दस्त्यात राळेच्या थरात पक्के बसवत. व्हिएतनाम युद्धात तिच्यापासूनच एम-21 ही दूरनेमी रायफल निघाली. राळ झिजत जाई आणि पुन्हा भरावी लागे, म्हणजे नेम विकत मिळत होता तो हप्त्याने. नंतरच्या रचनांमध्ये पुढचे कवच नळीला कुठेही न टेकता मोकळे ठेवतात, त्याने पट्ट्याचा आणि हाताचा दाब नळीवर येत नाही. ते काम रायफल आखतानाच करावे लागते. एसएलआरच्या झाकणावर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग जगभर झाले. झाकण हलते तोवर दुर्बीणही हलते, तेव्हा त्यात फार अर्थ नाही. ट्रिगर हलका करण्यासाठी आतले दात घासणे तर सरळ धोक्याचे, रायफल हाताबाहेर सुटू शकते. आर्मररने खरोखर करण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती फालच्या रचनेतच दिलेली आहे: ब्रीचब्लॉक ज्या आडव्या तुकड्यावर टेकतो तो वेगवेगळ्या मापांत मिळतो. झिजलेला बदलून योग्य मापाचा बसवला की काडतुसामागची मोकळी जागा नेमकी होते आणि जुनी एसएलआर पुन्हा वळणावर येते.

हे सगळे करूनही नेम सुटतो तो शेवटी शस्त्रागाराच्या खिडकीत. जवानाच्या रायफलीचा बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा क्रमांक, ठरलेला असला, तरी घाईच्या बंदोबस्तात हाताला येईल ती रायफल दिली जाते. दोन माणसांचे गाल एकाच दस्त्यावर सारख्या जागी टेकत नाहीत, छिद्रातून पाहणारे डोळे सारखे नसतात, म्हणून एकाचा झिरो दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. मग जवानाला वाटते रायफल वाईट, आणि आर्मररला वाटते जवान वाईट. सरावाची कथा आणखी रुक्ष आहे. 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या तयारीची चिरफाड केली, त्यात गोळ्यांच्या टंचाईने अडलेल्या गोळीबाराच्या सरावाचा मुद्दा होता. त्या रात्री सीएसटी स्थानकावर पोलिसांची थ्री-नॉट-थ्री आणि हल्लेखोरांची एके यांच्यातले अंतर सगळ्यांनी पाहिले. चर्चा नव्या शस्त्रांची झाली. जुन्या शस्त्राला वर्षाला किती गोळ्या मिळतात हे मागे पडले. कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या, दोनदा तपासलेल्या रायफलीवर नेम धरून ट्रिगर ओढणे, याला तर गोळ्याही लागत नाहीत. स्पर्धेतले नेमबाजही त्यावर बराच वेळ घालवतात.

पोलीस आणि वनखात्याचे काम स्पर्धेसारखे नसते. साठ गोळ्यांची सरासरी तिथे कोणी विचारत नाही. विचारतात ती थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी. नोव्हेंबर 2025मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला. तो फसला आणि रात्री नेमबाजांना गोळी घालावी लागली. उसाच्या कडेला अशा प्रसंगी दुसरी संधी मिळेल याची खात्री नसते. म्हणून अशा पथकांच्या रायफलीची नोंदवही वेगळी हवी: दर सरावाच्या दिवशी अगदी पहिली गोळी कुठे लागली, नळीत तेल होते का, हवा किती तापलेली होती, गोळी कोणत्या लॉटची. वर्षभरात ते पान त्या रायफलीचा स्वभाव सांगते, आणि गरम नळीच्या सुंदर गटापेक्षा ते जास्त कामाचे असते.

आता रायफलींची नवी पिढी येते आहे. लष्कराने 2019 साली अमेरिकी एसआयजी 716 या 7.62च्या रायफलींचा मोठा सौदा केला. जानेवारी 2024मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका कंपनीसह बनवलेली ‘उग्रम’ पुण्यात दाखवली: बोअर तोच 7.62, वजन चार किलोच्या आत, मॅगझिन वीस गोळ्यांचे, पल्ला 500 मीटर. दौंडच्या गटांकडे ती किंवा तिच्यासारखी दुसरी कधी येईल तेव्हा येईल. आली की पहिल्या आठवड्यात करायचे काम साधे आहे: चांदमारीवर झिरो करून ती पूर्ण उघडायची, साफ करून बंद करायची, पुन्हा पाच गोळ्या मारायच्या, मग गाडीतून कासुर्डीमार्गे पुण्याला नेऊन परत आणायची आणि आणखी पाच मारायच्या. गोळ्यांच्या गटाचे मध्यस्थान किती सरकले ते बट नंबरासमोर लिहून ठेवायचे.